प्रोजेक्ट मागे का पडतो, ते आकड्यांतून कसं शोधायचं

आठवा आठवडा संपतो. योजनेप्रमाणे एव्हाना १६० मनुष्यदिवस (एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक मनुष्यदिवस) खर्ची पडायला हवे होते, पडले १५०. अहवालात ओळ येते: ‘खर्च नियंत्रणात, अंदाजापेक्षा १० दिवस कमी.’ बैठकीत कोणी हरकत घेत नाही आणि चर्चा पुढच्या विषयाकडे वळते. त्या ओळीतला एकही आकडा खोटा नाही. तरीही प्रोजेक्ट चांगलाच मागे पडलेला आहे, आणि हे सगळ्यांना कळेपर्यंत आणखी दोन महिने जातील.

याचं कारण साधं आहे. खर्च किती झाला हे पाहिलं, पण त्या खर्चात काम किती उरकलं हे कोणी विचारलं नाही. जे विचारतात तेही बहुधा तिथेच थांबतात. काम कुठे आणि कशामुळे अडलं हे शोधायला वेगळ्या जातीचे आकडे लागतात. प्रोजेक्टची कामगिरी आपण कुठे आहोत ते सांगते, आणि प्रक्रियेची कार्यक्षमता आपण इथेच का अडकलो ते. एकावाचून दुसरं अपुरं, असं माझं पक्कं मत आहे, म्हणून दोन्ही एकाच उदाहरणावर करून पाहू.

उदाहरण असं धरू. एका संस्थेच्या जुन्या कागदी नोंदी संगणकावर आणायच्या आहेत. एकूण ५०० गठ्ठे. प्रत्येक गठ्ठा चार हातांतून जातो: स्कॅनिंग, डेटा एंट्री, तपासणी, मंजुरी. अंदाज असा की एका गठ्ठ्यामागे ६.४ तासांचं काम आहे, म्हणजे आठ तासांच्या दिवसाने ०.८ मनुष्यदिवस. एकूण ४०० मनुष्यदिवस. चार जणांची टीम, २० आठवडे, आठवड्याला २५ गठ्ठे.

पहिली पायरी: ‘झालं’ कशाला म्हणायचं ते लिहून काढा

बाकीचा सगळा हिशोब या एका व्याख्येवर उभा राहतो, म्हणून इथे घाई करू नका. एंट्री झाली की गठ्ठा झाला? की तपासून झाला की? की मंजुरीची सही पडली की? आमच्या उदाहरणात मंजुरी मिळाली की गठ्ठा ‘झाला’, त्याआधी नाही. हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवायचं, एका ओळीत लिहायचं आणि सगळ्यांना दाखवायचं.

पुढचा प्रश्न अर्धवट कामाचा. ‘८० टक्के झालंय’ या वाक्यावर मी विसंबत नाही. सांगणारा खोटं बोलतो असं नाही, पण उरलेले २० टक्के किती मोठे आहेत हे त्यालाही दिसत नसतं. लहान कामांसाठी सर्वांत स्वच्छ नियम म्हणजे शून्य किंवा शंभर: पूर्ण झालं तरच श्रेय, नाहीतर काहीच नाही. काम मोठं असेल तर सुरू केल्यावर ५० टक्के आणि संपल्यावर उरलेले ५०, हाही नियम चालतो. त्याहून मोठं असेल तर ते फोडून लहान करा. एका माणसाने आठवड्या-दोन आठवड्यांत संपवावं एवढा तुकडा मोजायला सोपा जातो.

नियमाने आकडा किती हलतो ते आत्ताच पाहून ठेवा. आठव्या आठवड्याअखेर १५० गठ्ठे पूर्ण झालेत आणि ४० मध्येच कुठेतरी आहेत. शून्य-शंभरच्या नियमाने झालेल्या कामाचं मोल १५० गुणिले ०.८, म्हणजे १२० मनुष्यदिवस. पन्नास-पन्नासच्या नियमाने अर्धवट ४० गठ्ठ्यांचे आणखी १६ मिळून १३६. काम तेच, माणसं तीच, आकडे दोन. एकदा निवडलेला नियम मध्येच बदलायचा नाही, तो यासाठी.

दुसरी पायरी: मूळ योजना गोठवा

कोणत्या आठवड्याला किती गठ्ठे व्हायला हवेत याचा तक्ता करा, तारीख घाला आणि बाजूला ठेवा. पुढे कामाची व्याप्ती खरोखरच बदलली, म्हणजे ५०० चे ६०० गठ्ठे झाले, तर रीतसर नवी योजना करा, पण जुनीही जपून ठेवा. उशीर झाला म्हणून योजनाच पुढे सरकवली तर उशीर दिसेनासा होतो, इतकंच.

तिसरी पायरी: तीन आकडे, दोन भागाकार

ही पद्धत अर्जित मूल्य या नावाने ओळखली जाते. १९६७ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या मोठ्या खरेदी प्रकल्पांसाठी ३५ निकष घालून दिले, तेव्हापासून ती रूढ झाली. तिचा आवाका मोठा वाटतो, पण रोजच्या कामाला तीन आकडे पुरतात.

नियोजित मूल्य: आजपर्यंत किती मोलाचं काम व्हायला हवं होतं. आपल्याकडे २०० गठ्ठे, म्हणजे १६० मनुष्यदिवस.

अर्जित मूल्य: प्रत्यक्षात झालेल्या कामाचं योजनेतल्या दराने मोल. १५० गठ्ठे, म्हणजे १२०.

प्रत्यक्ष खर्च: १५० मनुष्यदिवस. टीममधल्या रजा धरून १६० चे १५० झाले, म्हणून अहवालात ‘१० दिवस कमी’ दिसले.

आता भागाकार. अर्जित मूल्याला प्रत्यक्ष खर्चाने भागा: १२० भागिले १५०, उत्तर ०.८०. हा खर्च निर्देशांक, म्हणजेच सीपीआय. एक मनुष्यदिवस घातला की ०.८० दिवसाचं काम हाती येतं. अर्जित मूल्याला नियोजित मूल्याने भागा: १२० भागिले १६०, उत्तर ०.७५. हा वेळ निर्देशांक, एसपीआय. दोन्ही एकच्या वर असले तर ठीक, खाली असले तर शोध घ्यायची वेळ. सुरुवातीच्या ‘खर्च नियंत्रणात’चं काय झालं ते इथे उघड होतं: नियोजित खर्चाची तुलना प्रत्यक्ष खर्चाशी केली आणि मधलं काम वगळलं.

एसपीआयमध्ये एक खोट आहे, ती माहीत नसेल तर फसगत होते. प्रोजेक्ट कितीही रखडला तरी शेवटी सगळं काम पूर्ण झालेलं असतं. तेव्हा ४०० भागिले ४०० बरोबर एक. सात आठवडे उशिरा संपलेल्या प्रोजेक्टचाही एसपीआय शेवटी चोख एक दिसतो. वॉल्ट लिपकी यांनी २००३ मध्ये यावर उपाय मांडला: वेळ वेळेतच मोजा. आज जेवढं काम झालंय तेवढं योजनेप्रमाणे कोणत्या आठवड्यात व्हायला हवं होतं? १५० गठ्ठे सहाव्या आठवड्यातले. आपण आठव्यात आहोत. सहा भागिले आठ, ०.७५. आज हा आकडा एसपीआयइतकाच आला कारण योजना सरळ रेषेतली आहे. पण शेवटाकडे जाताना एसपीआय सुधारल्यासारखा दिसेल आणि हा खरं तेच सांगत राहील. मी दोन्ही काढतो आणि प्रोजेक्ट अर्ध्यावर आला की याच्याकडेच पाहतो.

चौथी पायरी: पुढचा अंदाज, पण पल्ल्यासकट

आजच्याच गतीने चाललं तर एकूण खर्च किती? ४०० भागिले ०.८०, म्हणजे ५०० मनुष्यदिवस. एकूण वेळ? २० भागिले ०.७५, म्हणजे जवळजवळ २७ आठवडे.

आणखी एक आकडा वरिष्ठांपुढे जरूर ठेवा. ४०० मध्येच संपवायचं असेल तर इथून पुढे किती चांगलं काम करावं लागेल? २८० दिवसांचं काम उरलंय आणि २५० दिवस शिल्लक आहेत. २८० भागिले २५०, १.१२. म्हणजे आजवर ०.८० ने चाललेल्या टीमने उद्यापासून १.१२ ने चालायचं, थेट ४० टक्के सुधारणा. ‘भरून काढू’ म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा आणि कसं भरून काढणार ते विचारा. अडवणूक करायला नव्हे, तर माणसांना अशक्य वेळापत्रकात ढकललं जाऊ नये म्हणून.

पण ५०० हा आकडाही ब्रह्मवाक्य नाही. तो का फुगलाय हे सातव्या पायरीत कळेल.

पाचवी पायरी: एका गठ्ठ्यामागोमाग चाला

आता प्रक्रियेकडे वळू. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक गठ्ठ्यावर एक चिठ्ठी लावा. तिच्यावर चार टप्प्यांपुढे दोन-दोन रकाने: हातात घेतला केव्हा, हातावेगळा केला केव्हा. ज्याच्या टेबलावर गठ्ठा येईल त्याने वेळ टाकायची. दोन आठवड्यांत चिठ्ठ्यांचा ढीग जमतो, आणि त्या ढिगात जे दिसतं ते कुठल्याही बैठकीत कळत नाही.

आपल्या उदाहरणातल्या चिठ्ठ्यांची सरासरी अशी आली, सगळे तास कामाचे:

स्कॅनिंग दीड तास. मग १० तास पडून. एंट्री साडेतीन तास. मग २३ तास पडून. तपासणी दीड तास. मग ४० तास पडून. मंजुरी अर्धा तास.

गठ्ठ्याला प्रत्यक्ष हात लागला ७ तास. आत येऊन बाहेर पडेपर्यंत गेले ८० तास, म्हणजे कामाचे १० दिवस. ७ भागिले ८०, पावणेनऊ टक्के. हीच प्रक्रियेची कार्यक्षमता. हा आकडा पाहून पहिल्यांदा धक्का बसतो, पण कागदपत्रांच्या आणि मंजुऱ्यांच्या कामात एवढा कमी आकडा मुळीच विरळा नाही. टीम आळशी आहे असा त्याचा अर्थ बिलकुल नाही. माणसं दिवसभर कामातच असतात. पडून असतो तो गठ्ठा.

आता विचार करा, सुधारणा कुठे करायची? एंट्री सर्वांत लांबलचक, म्हणून स्वाभाविकच सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. वेगाने टाइप करणारा माणूस आणून साडेतीनचे अडीच तास केले तर ८० चे ७९ होतील. आणि मंजुरी? काम अर्ध्या तासाचं, वाट पाहणं ४० तासांचं. चौकशी केली तर कळतं की मंजुरी देणाऱ्या व्यक्तीने या कामासाठी आठवड्यातला एकच दिवस राखून ठेवलाय. तिने रोज थोडा वेळ दिला आणि ४० चे १० तास झाले तर ८० चे ५० होतात, कार्यक्षमता १४ टक्क्यांवर जाते. नवा माणूस नाही, जादा तास नाही. अशी एक जागा बहुतेक प्रक्रियांत सापडते आणि ती बहुधा दोन टेबलांच्या मधे असते, जिथे कोणाचीच जबाबदारी नसते.

चिठ्ठीवर आणखी एक खूण करा: गठ्ठा या टप्प्यावरून मागे परतला का? प्रत्येक टप्प्यावर ९० टक्के गठ्ठे पहिल्या फटक्यात पार होत असतील तर प्रत्येकजण खूश असतो. पण चारही टप्पे कुठेही न परतता पार करणारे गठ्ठे ०.९ चार वेळा गुणून येतात: ६६ टक्क्यांच्या आसपास. तीनातला एक गठ्ठा कुठेतरी मागे फिरतो, आणि त्या फेरीला लागणारा वेळ योजनेत कोणी धरलेला नसतो.

सहावी पायरी: अर्धवट कामं मोजा

मोजायला सर्वांत सोपी आणि तरी सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. दर शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालेले पण न संपलेले गठ्ठे मोजा. आमचे ४०. सुरुवातीचे दिवस सोडले तर आठवड्याला सरासरी २० पूर्ण होतात. ४० भागिले २०, दोन आठवडे. चिठ्ठ्यांमधून आलेले १० दिवस ते हेच. हा जुळून आलेला योगायोग नाही, तो लिटलचा नियम आहे. जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता १९६१ मध्ये दिली. आत असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. अट एवढीच की आवक आणि जावक साधारण सारखी असावी.

यातून कामाची गोष्ट निघते. लागणारा वेळ कमी करायचा असेल तर एकाच वेळी हातात घेतलेली कामं कमी करा. वेग तोच ठेवून आतले गठ्ठे २५ वर आणले तर प्रत्येक गठ्ठा सव्वा आठवड्यात बाहेर पडेल. म्हणून एंट्री झालेल्या गठ्ठ्यांचा ढीग तपासणीपुढे वाढू लागला की स्कॅनिंग थांबवा आणि तो माणूस तपासणीला बसवा. हे व्यवस्थापकांच्या पचनी पडत नाही, कारण स्कॅनर रिकामा दिसतो. पण प्रत्येक माणूस आणि यंत्र शंभर टक्के गुंतलेलं ठेवलं की रांगा वाढणारच. रांगांच्या सर्वांत साध्या गणिती प्रतिकृतीत ८० टक्के गुंतलेल्या टेबलाशी सरासरी ४ कामं असतात, ९० टक्क्यांना ९, ९५ टक्क्यांना १९.

सातवी पायरी: दोन्ही हिशोब शेजारी ठेवा

ज्यासाठी हे सगळं मांडलं ती जागा ही. अर्जित मूल्य १२०, खर्च १५०, फरक ३० मनुष्यदिवसांचा, म्हणजे २४० तास. हे २४० तास गेले कुठे?

अंदाज गठ्ठ्यामागे ६.४ तासांचा होता, चिठ्ठ्या ७ म्हणतात. जादा ०.६ तास गुणिले १५० गठ्ठे, ९० तास. ही अंदाजातली चूक.

उरलेले १५० तास? ते मधल्या ४० गठ्ठ्यांत आहेत. त्यांच्यावर काम झालंय, पण एकही पूर्ण नाही, म्हणून श्रेय शून्य.

आता या दोन भागांचं भवितव्य वेगळं आहे. अंदाजाची चूक प्रत्येक गठ्ठ्यासोबत शेवटपर्यंत येणार: ५०० गुणिले ७ म्हणजे ३,५०० तास, ४३८ मनुष्यदिवस. मंजुरीची वाट मोकळी केली म्हणून हा भाग कमी होणार नाही. अडकलेले १५० तास मात्र वाया गेलेले नाहीत, ते सुटू शकतात. म्हणून ५०० चा अंदाज जरा जास्तच काळा आहे. वरिष्ठांना सांगायचं ते असं: ४३८ च्या खाली येणं कठीण, आजच्यासारखंच चाललं तर ५०० पर्यंत, आणि मंजुरी रोज होऊ लागली तर पहिल्या आकड्याच्या जवळ. असा अहवाल ऐकणाऱ्याला निर्णय घेता येतो. ‘सीपीआय ०.८०, स्थिती लाल’ एवढंच ऐकून तो फक्त रागावू शकतो.

आठवी पायरी: सरासरीवर वचन देऊ नका

‘गठ्ठा किती दिवसांत मिळेल?’ असं विचारलं की ‘१० दिवस’ हे उत्तर तोंडावर येतं. २० गठ्ठ्यांचे प्रत्यक्ष दिवस क्रमाने लावून पाहा: ६, ६, ७, ७, ७, ८, ८, ८, ८, ९, ९, ९, १०, १०, ११, ११, १२, १४, १८, २२. सरासरी बरोबर १०. पण १० दिवसांच्या आत आले १४. सहा जणांना दिलेला शब्द मोडला. १७ गठ्ठे १२ दिवसांच्या आत आले, म्हणजे ८५ टक्के. वचन १२ दिवसांचं द्या. आणि १८ व २२ दिवस लागलेले ते दोन गठ्ठे उचलून त्यांच्या चिठ्ठ्या वाचा. सरासरीपेक्षा तिथे जास्त शिकायला मिळतं.

नववी पायरी: प्रत्येक चढउताराला उत्तर देऊ नका

नवव्या आठवड्यापासून पुढच्या आठ आठवड्यांत पूर्ण झालेले गठ्ठे असे धरा: १८, २२, २०, १७, २३, २०, १९, २१. सरासरी २०. पुढच्या आठवड्यात १५ आले. बैठक बोलवायची का?

लागोपाठच्या आठवड्यांतले फरक काढा: ४, २, ३, ६, ३, १, २. त्यांची सरासरी ३. तिला २.६६ या ठरलेल्या गुणकाने गुणा, जवळजवळ आठ येतात. २० उणे ८ आणि २० अधिक ८: १२ ते २८ ही या प्रक्रियेची नेहमीची हालचाल. १५ त्यात बसतो, तेव्हा त्यामागे खास कारण शोधू नका. ११ आले असते तर त्याच दिवशी शोधायला हवं होतं. हा विचार वॉल्टर श्युहार्ट यांचा. १९२४ मध्ये त्यांनी कारखान्यातल्या गुणवत्तेसाठी पहिला नियंत्रण आलेख, म्हणजे अशा दोन मर्यादांच्या रेघा असलेला आलेख, मांडला. प्रोजेक्टमध्ये तो फार कमी वापरला जातो याची मला मनापासून खंत वाटते, कारण १५ च्या आठवड्याला झाडलेल्या आणि २३ च्या आठवड्याला शाबासकी मिळालेल्या टीमचा आकड्यांवरचा विश्वास उडतो. तेराच्या आठवड्याला हीच माणसं दोन अर्धवट गठ्ठे ‘झाले’ म्हणून लिहू लागतात.

तिथून पुढे मोजमाप निकामी होतं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलन धोरणाबाबत जे नोंदवलं ते इथेही लागू आहे: आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकला की त्याचा जुना संबंध ढासळतो. म्हणून चिठ्ठीवर टप्प्याची वेळ असावी, माणसाचं नाव नसावं. आणि या आकड्यांना पगारवाढ किंवा मूल्यांकन चिकटवू नका. वेगासोबत नेहमी परतीचं प्रमाणही दाखवा, म्हणजे एक वाढवायला दुसरं बिघडवलं तर लगेच दिसेल.

दहावी पायरी: एक पान, दर शुक्रवारी

एवढं सगळं मोजायला आठवड्याला तासभरापेक्षा जास्त लागत असेल तर काहीतरी काढून टाका. पानावर मी इतकंच ठेवतो: पूर्ण झालेले गठ्ठे, अर्धवट गठ्ठे, सीपीआय, लिपकींच्या पद्धतीचा वेळ निर्देशांक, ८५ टक्के गठ्ठे किती दिवसांत बाहेर पडले, आणि परतलेल्यांचं प्रमाण. सहा आकडे, मागच्या आठ आठवड्यांच्या रेघेसकट. प्रत्येकापुढे एक रकाना: ‘या आकड्यामुळे आपण काय बदललं?’ सलग दोन-तीन महिने एखाद्या आकड्यापुढचा हा रकाना कोराच राहिला तर तो आकडा पानावरून काढा आणि त्या जागी टीमला पडलेला एखादा खरा प्रश्न मोजायला घ्या. प्रोजेक्ट नुकताच सुरू होत असेल तर सोमवारी फक्त चिठ्ठ्या छापून घ्या आणि पहिल्या पायरीतली ती एक ओळ लिहून भिंतीवर लावा. बाकीच्या आकड्यांना लागणारी माहिती पुढच्या दोन आठवड्यांत आपोआप जमत जाईल.